थोरली, धाकली आणि अकोल्याची बाभूळ

जवसाच्या तेलाचा वास ज्याच्या हातांना एकदा लागला, त्याला तो कुठल्याही गर्दीत सापडतो. परवा, होळीच्या आदल्या सकाळी, पुण्याच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरले. ऑटो शोधत स्टेशनबाहेर आले, तर भाजीच्या दुकानांच्या रांगेतून तो वास आला. ओली मेथी, कोथिंबीर, उन्हानं तापलेली ताडपत्री आणि या सगळ्यांच्या खालून तो जाडसर, किंचित कडवट वास. पाठीवर बॅग, दोन्ही हातांत पिशव्या, घरी आई जेवायची थांबलेली. तरी माझे पाय तिकडे वळलेच. पायांना कोणी विचारतं का?

शेवटच्या दुकानाची ताडपत्री एका खांबावर तोललेली होती. बाकी सगळ्यांना बांबू, यालाच सागवानी खांब. उंची पुरेना म्हणून खाली विटा रचल्या होत्या. मधाच्या रंगाचं लाकूड, हात फिरवावा तर कुठं अडायचा नाही इतकं गुळगुळीत, आणि मध्यावर एक काळसर गाठ. त्या गाठीला आम्ही नऊ जणी नथ म्हणायचो. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दुकानात कोण बसलंय हेसुद्धा न बघता नथीवर अंगठा ठेवला. धाकली होती ती. आमची धाकली.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या खो-खोच्या मैदानावर दोन खांब होते. एका पाडलेल्या घराच्या तुळईतून सुतारानं ते काढले होते. एक सरळ, जाड, बिनगाठीचा. त्याचं नाव थोरली. दुसरा जरा सडपातळ आणि नथवाला, ती धाकली. दोघी जावा. त्यांचं एकमेकींशी पटत नाही म्हणूनच त्यांना मैदानाच्या दोन टोकांना ठेवलंय, असं आम्ही नव्या पोरींना सांगायचो आणि त्या खरं मानायच्या.

होळी झाली की धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दोघींना जमिनीतून काढायचं, पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि जवसाचं तेल चोळायचं. हा आमचा सण. अंगावर रंगाचे डाग अजून तसेच, नखांत हिरवं-जांभळं, आणि नऊ जणी ओट्यावर बसून चिंधीनं तेल जिरवतोय. कोणाच्या तरी घरून डब्यात आदल्या दिवशीची पुरणपोळी आलेली असायची. तीही तेलाच्याच हातांनी खायची. मैदानाच्या कडेचा पळस तेव्हा नुसता पेटलेला असायचा, आणि खाली पडलेली त्याची फुलं तुडवत आमच्यापैकी कोणीतरी सरावाच्या चकरा मारत असायची. परीक्षा महिन्यावर आलेली. पुस्तकं वसतिगृहात, आम्ही मैदानावर. होळीच्या आठवडाभराच्या सुट्टीत आम्ही दौऱ्यावर निघायचो.

दौरा हा शब्द सरांचा. सर म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक, उन्हात रापलेले, शिट्टी कायम दातांत धरून बोलणारे, त्यामुळे अर्ध्या सूचना आम्हाला कळायच्याच नाहीत. चांदूर रेल्वे, वरूड, अकोला अशा गावी मंडळांच्या स्पर्धा असायच्या. त्या मैदानांवरचे खांब म्हणजे काहीच्या काही. कुठं खरखरीत, कुठं वाकडे, एका ठिकाणी तर चक्क नळाचा पाइप. म्हणून आम्ही आपल्या दोघी जावा सोबत न्यायचो. जुन्या लुगड्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून. एसटीचे कंडक्टर घेत नसत, म्हणून रेल्वे. अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत शटल आणि तिथून पुढची गाडी. डब्यातली माणसं विचारायची, पोरींनो, मयत कोणाची? आम्ही म्हणायचो, समोरच्या टीमची.

माज होता तो. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटत नाही.

त्या शटलमध्ये दाराशी टोपलं घेऊन बसणारी शेवंतामावशी आमची पक्की ओळखीची. तिच्या शेतातली कोथिंबीर ती रोज सकाळी बडनेऱ्याच्या स्टेशनवरच्या कँटीनला पोचवायची आणि त्याच गाडीनं परत फिरायची. ती एकच गाडी दिवसभर दहा मैलांच्या आत जा-ये करत असायची. मावशी आमचे खांब बघून पाय आवरून घ्यायची आणि एखादीला कोथिंबिरीची काडी चघळायला द्यायची. कुठं चालल्या, कोणासोबत आहे, फायनल कधी, सगळ्या चौकशा व्हायच्या. खो-खो तिनं कधी पाहिला नव्हता. पण आमचा हारजितीचा हिशोब तिला सरांपेक्षा जास्त पाठ होता.

माझ्या शेवटच्या वर्षीचा दौरा मला दिवसागणिक आठवतो. चांदूर रेल्वेला आम्ही सहज जिंकलो आणि एका शाळेच्या वर्गात, फळ्याखाली, बाकं जोडून झोपलो. नंतर वरूड. वरूड म्हणजे आमच्या कॅप्टनचं, मंगलाचं गाव. तिच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा. आम्ही गेलो तेव्हा उशिराचा बहर अजून झाडांवर होता आणि त्या पांढऱ्या फुलांचा वास एवढा दाट की जेवणाची चवही बदलून जाई. पाटोडीचा रस्सा, भाकरी, आणि वर हा वास. अंगणात फळं भरायची खोकी रचलेली, त्यांच्याभोवती आम्ही पळापळी खेळलो. मंगलाची आई ओट्यावरून बघत होती आणि हसत होती. वडील हसत नव्हते. माणूस वाईट नव्हता, कमी बोलणारा होता. जेवताना त्यांनी ताटाकडे बघतच मंगलाला सांगितलं, की हे शेवटचं वर्ष. पुढच्या हंगामापासून पॅकिंगचं काम तिनं बघायचं. खो-खो लहान पोरांचा खेळ आहे, तो कोणी जन्मभर खेळत नाही.

हात धुवायला विहिरीशी गेलो तेव्हा मंगला मला म्हणाली, अकोल्याच्या फायनलला निवड समितीची माणसं येणार आहेत. राज्याच्या शिबिरासाठी विदर्भातून दोघी घेणार. तिथं नाव आलं, तर बाबांना दाखवायला काहीतरी कागद असेल. नाही आलं तर खोकी. एवढंच बोलली. तिचा हात मात्र पाण्याखाली बराच वेळ राहिला.

आता मंगला खेळायची कशी ते सांगायला हवं. ती खांबावरची राणी होती. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून पलीकडे निसटते. मंगला धावत यायची, एका हातानं खांब धरायची आणि सगळं अंग आडवं फेकून त्या वळशातच तिला शिवायची. तिचा तळवा तेलकट लाकडावरून सर्रकन फिरायचा, आणि तो आवाज आम्हाला मैदानाच्या मधल्या पाटीवर बसून ऐकू यायचा. मी बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, ही आमची आहे. असा अभिमान मला पुढं स्वतःच्या नोकरीचाही वाटला नाही.

आणि मी? मी पळणारी. बारीक, चपळ, बडबडी, आणि खायला कायम तयार.

अकोल्याला जायची ती सकाळ. शटल बडनेऱ्यात शिरली तेव्हा दार माणसांनी गच्च होतं. धाकली माझ्या खांद्यावर होती. लोक ओरडायला लागले, तशी मी ती दाराच्या मागं उभी टेकवली आणि म्हटलं, हे उतरले की घेते. तेवढ्यात गिलावड्याचा वास आला. बडनेऱ्याचा गिलावडा ज्यांनी खाल्ला नाही, त्यांनी माझी चूक समजून घेण्याचा प्रयत्न करू नये. मी उतरले, वड्याच्या गाडीपुढं कोण उभं आहे ते बघितलं नाही, एक वडा तोंडात कोंबला. मंगला पुढची तिकिटं काढायच्या गडबडीत होती. ती लांबूनच गर्दीवरून ओरडली, दोन्ही उतरले का? मी भरल्या तोंडानं हात वर न करताच ओरडले, उतरले! मला खरंच वाटलं होतं की मागच्या पोरींनी धाकलीला उतरवलं असणार. आमच्या नऊ जणींच्या कलकलाटात तो आवाज कोणाचा, हे मंगलाला कळलं नाही.

अकोल्याला मैदानावर लुगडी सोडायला घेतली तेव्हा समोर एकटी थोरली.

सरांच्या तोंडातून शिट्टी पडली. खांब उतरवले असं कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. मी बोलणार होते. खरंच सांगते, जीभ उचलली होती मी. पण माझ्या आधी मंगला बोलली, "मी कॅप्टन आहे सर. मीच मोजले नाहीत." सरांनी तिला निवड समितीच्या खुर्च्यांसमोर, सगळ्या अकोल्यासमोर झापलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी तिच्या शेजारी वाकून बुटांची नाडी बांधत राहिले. दोन्ही बूट. दोनदा.

मंडळाच्या पोरांनी दुसऱ्या टोकाला त्यांचा खांब रोवला. बाभळीचा. कुऱ्हाडीनं साल काढलेली, रंधा लावायचं राहूनच गेलेलं.

आणि अकोल्याच्या पोरी हुशार निघाल्या. घरचं मैदान, बाभूळ त्यांच्या ओळखीची. आमची आक्रमणाची पाळी पहिली होती. पहिल्या मिनिटातच त्यांच्या लक्षात आलं की बाभळीवर आम्ही झेप घेत नाही. मग त्या थोरलीकडे फिरकायच्याच नाहीत. सगळ्या बाभळीभोवती घुटमळायच्या. मंगलानं दोन-तीनदा नुसता हात लावून सोडून दिला. मग तिनं एकदा खरी झेप घेतली, मुलगी बाद केली, आणि उठली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. डाव संपेपर्यंत तिनं ती उघडली नाही. मार्चचं अकोला, दुपारी तीनचं ऊन, मैदानावर शिंपडलेलं पाणी पाच मिनिटांत उडून गेलेलं. पहिला डाव संपला तेव्हा आम्ही दोन गड्यांनी मागे होतो.

मध्यंतरात मी तिच्या हातावर पाणी ओतत होते. तळव्यात लाकडाची कुसळं घुसली होती, काही आत मोडलेली. मी एकेक काढत होते आणि माझे डोळे वाहत होते. ती म्हणाली, उन्हानं होतं असं. तेवढ्यात मैदानाच्या कडेला कोणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. वर बघितलं तर मांडवाच्या दारातून शेवंतामावशी येत होती. डोक्यावर रिकामं टोपलं, खांद्यावर धाकली.

परतीच्या शटलमध्ये तिला खांब दिसला होता. अमरावतीला उतरून ती त्याच गाडीनं पुन्हा बडनेऱ्याला आली आणि पुढच्या पॅसेंजरनं अकोल्याला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा अकोला पाहिलं ते असं. स्टेशनवर प्रत्येकाला विचारत सुटली होती, खांबाचा खेळ कुठं हाय बापा? सरांनी तिच्या पायांना हात लावला. ते असं काही करणारे गृहस्थ नव्हते.

पंच म्हणाले, दोन्ही कॅप्टनची हरकत नसेल तर खांब बदलू. अकोल्याची कॅप्टन चांगली पोरगी होती, लगेच हो म्हणाली. सर कुदळ आणायला वळलेसुद्धा. मंगला तेव्हा मावशीजवळ उभी होती, मावशी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती आणि मंगला माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हाताचं सांगत असेल. मग ती पंचांकडे आली आणि म्हणाली,

"राहू द्या. अर्धी मॅच बाभयीवर झाली, आता अर्धी पन तिच्यावरच होऊ द्या. जे आमाले बोचलं ते त्याईलेही बोचू द्या."

सरांनी कपाळावर हात मारला. खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मंगलानं मावशीच्या पदराची चिंधी मागून घेतली, तळव्याला गुंडाळली आणि पाटीवर जाऊन बसली.

दुसऱ्या डावात तिनं बाभळीवर तीन मुली बाद केल्या. तीन. चिंधी पहिल्याच झेपेत सुटली होती. तिसऱ्या वेळी खांबावर लाल पंजा उमटला, आणि अकोल्याच्या लोकांनी, म्हणजे समोरच्या टीमच्या लोकांनी, टाळ्या वाजवल्या. मी पुष्कळ मैदानं बघितली, पुष्कळ बक्षीस समारंभ बघितले. तशी टाळी पुन्हा ऐकली नाही.

मग आमची पळायची पाळी. आता आम्ही पुढं होतो. एकेक जण बाद होत गेली, आघाडी एका गड्यावर आली आणि शेवटच्या तुकडीतली शेवटची मी उरले. मी टिकले तर आम्ही जिंकलो, मी गेले तर बरोबरी. मैदानात शिरताना मंगलानं माझ्या पाठीवर तो रक्ताळलेला हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाभयीपाशी राह्य. तिथं कोनी हात नाई घालत."

मी बाभळीपाशी राहिले. वळसा, हुलकावणी, परत वळसा. मागून खो ऐकू यायचा, मी पलीकडे. त्यांच्या पोरी खांबापर्यंत यायच्या, तो लाल पंजा बघायच्या आणि हात आखडून घ्यायच्या. पायांत गोळे आले, तोंडात माती, आणि एवढ्या आरड्याओरड्यात मला दुपारच्या देवळातल्यासारखी शांतता जाणवत होती. मी त्या दिवशी जशी पळाले तशी कधीच पळाले नव्हते, आणि पुढं पळाले नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझे दोन्ही हात बाभळीभोवती होते.

एका गड्यानं जिंकलो. मंगलाचं नाव यादीत आलं. शिबिर, मग राज्य, मग रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी. तिच्या वडिलांनी पेपरातलं कात्रण खोक्यांच्या शेडमध्ये चिकटवलं, असं तिच्या आईनं नंतर सांगितलं. परतीच्या गाडीत आम्ही नऊ जणी, मावशी आणि दोघी जावा. मावशीनं गाणी म्हटली, सरांनी शिट्टीवर ताल धरला. मी खिडकीशी बसून बोरगाव, मूर्तिजापूर मागे जाताना बघत होते. सांगायचं, आता सांगायचं, असं प्रत्येक स्टेशनला ठरवत होते. बडनेरा आलं. या वेळी मी दोन्ही खांब हातानं मोजून उतरवले. बोलले मात्र नाही. मग नोकरी, पुणे, लग्न, आणि सांगायची वेळ टळत गेली ती टळतच गेली.

हे सगळं परवा नथीवर अंगठा ठेवून उभी असताना आठवत होतं. दुकानातून आवाज आला, "काय पायतं वं बाई? इकाऊ नाई तो खांब."

शेवंतामावशी. केस सगळे पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी नाव सांगायच्या आधीच तिनं मला ओळखलं. कॉलेजला मॅटचं मैदान आलं तेव्हा जुने खांब कोठीमागं फेकले होते, ती सांगत होती. मंगलाला कळलं तशी ती वरूडहून टेम्पो घेऊन आली. थोरली घेऊन गेली, तिथं पोरींना शिकवते आता. धाकली इथं आणून दिली, म्हणाली, तुमी आनली होती, तुमचीच हाय. दर धुळवडीनंतर मावशी तेल लावते. यंदा पाहुण्यांच्या गर्दीत जमणार नाही म्हणून आधीच लावलं.

मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी तुम्ही आलात म्हणून बरं झालं. खांब विसरला होता ना.

"इसरला होता म्हंजे? तूच तं टेकवला होता दारामागं. मी बसली होती ना तिथं. वड्यावर उडी मारली तुनं." ती मेथीच्या जुड्या बांधत अगदी सहज बोलत होती. "म्या मंगलाले तवाच सांगतलं होतं, तिथं मैदानात. तं मले म्हने, मावशी, तिले बोलू नोका. तिले अजून पयाचं हाय."

माझा अंगठा नथीवरच होता. तेल अजून पुरतं जिरलं नव्हतं.

मी तिथंच विटांवर बसले आणि मंगलाला फोन लावला. पलीकडे शिट्टी, पोरींचा गलका, कोणीतरी जोरात खो दिलेला. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. म्हटलं, मंगला, दोन्ही उतरले नव्हते गं. तो आवाज माझा होता.

तिनं पोरींना थांबायला सांगितलं, आणि गलका कमी झाला.

"मले माईत हाय," ती म्हणाली. "पन पयली काय वं तू त्या दिवशी."

मग म्हणाली, होळी झाली की वरूडला ये, पोरी दाखवते. मैदान साधंच आहे. एका टोकाला थोरली रोवली आहे.

मी विचारलं, आणि दुसऱ्या टोकाला?

"बाभूय," मंगला म्हणाली. "रंधा न लावलेली."